‘इन्फॉर्म’ शिकवणाऱ्या शेवंतामावशी

आधी नाव लिहिते : शेवंतामावशी. वर्ध्याच्या ज्या हॉस्पिटलात मी वॉर्डात काम करते, तिथल्या सगळ्यात जुन्या आया, राहणार नाचणगाव. माझी नोकरी त्यांनी वाचवली आणि इंग्रजीतलं एक क्रियापद मला शिकवलं. आता काय झालं ते सांगते. चार दिवस त्या कामावर आल्या नाहीत. मला वाटलं, गुडघे धरले असतील. पाचव्या दिवशी ड्युटी लावणाऱ्या बाबूंना विचारलं, तर रजिस्टरमधून मान वर न करता ते म्हणाले, “शेवंताबाई तं गेली नं सोमवारी. तुले मालूम नाई?” नव्हतं मालूम. घरच्यांनी नातेवाइकांना कळवलं, हॉस्पिटलला कळवलं. मी कोणाच्याच यादीत नव्हते...

मी देवरुखकडची. नववीत शाळा सुटली. एका लांबच्या मामांनी इथे कामाला लावून दिलं, पुढे त्यांची बदली झाली आणि मी एकटी राहिले. पहिल्या महिन्यात सिस्टर सारखं म्हणायच्या, “इन्फॉर्म करा.” मला वाटायचं, म्हणजे सांगा. त्याच समजुतीने, सहा नंबरच्या आजोबांचा सलाईनचा हात सुजतोय, हे मी फोनवर बोलत असलेल्या सिस्टरना जाता जाता सांगितलं आणि चादरी बदलायला गेले. अर्ध्या तासाने पाहते तर हात टम्म फुगलेला, आजोबा कण्हतायत आणि सिस्टर विचारतायत, “मला कोणी इन्फॉर्म का केलं नाही?” आता घरी पाठवणार, एवढंच कळत होतं. मावशी मध्ये आल्या. “पोरगी नवी हाय सिस्टर, माह्या हाताखाली हाय. चुकी माही.”

मग बेसिनपाशी नेऊन मला धरलं.

“तू कोनाले सांगतलं?”

“सिस्टरना.”

“मंग सिस्टर काय म्हने?”

“काहीच नाही.”

“म्हंजे तू भिताडाले सांगतलं, बावळे! सांगनं आपल्या तोंडाचं काम हाय. समोरच्यानं आपल्या तोंडानं परत म्हनलं, तवा इन्फॉर्म झालं.”

त्या स्वतः चौथी शिकलेल्या. पण समोर सिस्टर असो की मोठे डॉक्टर, निरोप दिला की त्या तिथेच उभ्या. “काय सांगतलं मी? म्हना.” नवे डॉक्टर हसायचे, पण म्हणायचे, “सहा नंबर, हात सुजला.” मगच मावशी हलायच्या.

त्यांना माझी एक गोष्ट खटकायची. मी आईला सांगितलं होतं की हॉस्पिटलच्या ऑफिसात बसते. पेशंटची अंगं पुसते, बेडपॅन देते, हे सांगितलं नव्हतं. आई वाडीभर कौतुक करत फिरायची, मग धीरच होईना. डबा उघडताना मावशी रोज विचारायच्या, “घरी इन्फॉर्म केलं का वो, ऑफिसवाल्या म्याडम?”

“गणपतीला गेले की सांगते.”

“अन् तुले इथं काई झालं, तं माय तुले कोन्या टेबलावर धुंडन?”

मी हसण्यावारी नेलं. गणपती दोनदा येऊन गेले...

सुट्टी मिळाली तशी पुलगावला उतरून नाचणगावला गेले. मावशींच्या मुलीने दारातच विचारलं, “तुमी कोन?” नाव सांगितलं, तिला ओळख पटेना. कोकणातली म्हटल्यावर मात्र तिने माझा हात धरला. “ऑफिसवाली म्याडम काय? मायनं लय सांगतलं तुमचं. नंबर नोता आमच्यापाशी, नाई तं...” तिने चहा केला, मी बशीत ओतून बसून राहिले. समोर खिळ्याला मावशींची ड्युटीची निळी साडी होती, घडी घालून, इस्त्रीची.

परत येताना पुलगाव स्टेशनच्या बाकावरूनच आईला फोन लावला आणि माझ्या कामाचं खरं ते सांगून टाकलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “लोकांची घाण काढतेस?”

“हो.”

“तुला जमतं?”

“एका मावशींनी शिकवलं.”

नाक ओढल्याचा आवाज आला. “दे त्यांच्याकडे फोन. मी बोलते.”

गाडी येईपर्यंत मी तिला मावशी गेल्याचं सांगू शकले नाही. नंतर सांगितलं. मावशी, आई इतक्या लांब कधी आलेली नाही, तिला गाडीत बसायची भीती वाटते. तरी एक दिवस तिला घेऊन येईन आणि तुमच्या दारात नेईन. तुमचं माझ्यावर जे आहे, ते माझ्या एकटीने फिटायचं नाही. तिला जे बोलायचं होतं, ते ती तुमच्या लेकीशी बोलेल.