रविवारी गाडी काढत नाहीत

लोणावळ्यात राहणारी माणसं पावसाळ्यात रविवारी गाडी काढत नाहीत; पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ते तुंबलेले असतात. भाजी शुक्रवारीच आणून ठेवायची, कुठं जायचंच असेल तर पायी किंवा लोकलने. मी इथलीच, त्यामुळे हे मला कुणी शिकवलं नाही. मुलीचे वडील पुण्याचे. इतकी वर्षं जावई असूनही ते गाडी घेऊनच यायचे.

घटस्फोटाचा दावा सुरू झाल्यावर मी मुलीला घेऊन इथं परत आले आणि दोन खोल्या भाड्याने घेतल्या. कोर्टाने रविवार त्यांना दिला होता. सकाळी न्यायचं, संध्याकाळी सातच्या आत घरी सोडायचं. पुढच्या तारखेला न्यायाधीश मुलीला आत बोलावून विचारणार होते, तुला कुणाजवळ राहायचंय. ती बारा वर्षांची. वकीलबाईंनी मला बजावलं होतं, "तिला काही पढवू नका. आणि तिकडे मुक्काम होऊ देऊ नका. एकदा झाला की ते म्हणतील, मुलगी आमच्याकडे छान राहते."

त्या रविवारी दुपार सरता सरता त्यांचा फोन आला. "भाज्याला, लेण्यांकडे, धबधबा बघायला आलो होतो, अडकलोय. गाडी जागची हलत नाही. सुटलो की सरळ पुण्याला जातो. उद्या आणून सोडतो."

"तिला द्या."

"आई, मी मस्त आहे," ती म्हणाली. "कणीस खाल्लं."

ते 'मस्त' मला लागलं. न्यायाधीशांसमोरही ती असंच म्हणाली तर?

घरमालकीण मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. माहेर आंदर मावळातलं, कान तिखट.

"काय झालं गं?"

"भाज्यात अडकलेत."

"रविवारी गाडी घिऊन भाज्याला कोन जातंय? लय शिकलेला हाय म्हनं तुजा नवरा."

"नवरा आहेच अजून, माजी व्हायचाय," मी म्हटलं.

"मग बसलीस काय? मळवली किती लांब हाय? लोकल धर."

मी मुलीच्या वडिलांना फोन केला. "तिथेच थांबा. मी लोकलने मळवलीला उतरते आणि चालत येते. तिला घेऊन जाते."

"तू? एकटी?"

कुलूप लावताना हात थांबला. सासरी बाहेर पडताना कुठं, कशाला, कोणाबरोबर, कधी परत, हे सगळं सांगून, वर रात्रीचा स्वयंपाक करून निघायचे. आताही मी मनात उत्तरं जुळवत होते. विचारणारं कुणी नव्हतं. कणीक तशीच परातीत राहिली आणि मी निघाले.

लोकलमध्ये मात्र विचार थांबेनात. मी पोरगी ओढून नेली असं त्यांनी कोर्टात सांगितलं तर? किंवा ती नको म्हणाली तर? मळवलीला उतरून एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडला. पुढं भाज्यापर्यंत गाड्यांची रांग. हॉर्न वाजत होते, तरी त्या गर्दीत पायी जाणारीला कुणी अडवत नव्हतं.

त्यांची गाडी दिसली. मुलगी पुढच्या सीटवर पाय वर घेऊन बसली होती, बूट काढून. मी काच वाजवली. "ये" म्हणायचं नाही, हे स्वतःला बजावत आले होते.

"येतेस का?"

तिने वडिलांकडे पाहिलं. "एवढ्या चिखलातून?" ते म्हणाले. "गाडीत बस की. सुटेल."

तिने पाय खाली सोडले. मग बूट घालायला लागली. "पप्पा, तुम्हीपण चला ना लोकलने."

"आणि गाडी काय डोक्यावर घेऊ?"

ती हसली. तेही हसले. मी हसले नाही, पण खांदे जरा सैल झाले.

परतीच्या लोकलमध्ये खिडकीशी बसून ती म्हणाली, "पुढच्या रविवारी मी तळेगावला लोकलने जाते. पप्पा तिथे स्टेशनवर येतील. विचारलं मी त्यांना, चालेल म्हणाले."

"एकटी? कोणत्या डब्यात? परत कितीला?"

एवढं विचारलं आणि आवाज ओळखीचा वाटला. असेच प्रश्न, याच सुरात, मी सासरी वर्षानुवर्षं ऐकले होते.

"तूच म्हणतेस ना, आपण लोणावळ्याची माणसं रविवारी गाडी काढत नाही," ती म्हणाली.

'आपण' म्हणाली. मी ते धरून ठेवलं, पण त्याच्यावर विसंबून राहायचं धाडस होईना. तारीख अजून बाकी होती.

"बायकांच्या डब्यात बसायचं," मी म्हटलं. "आणि उतरलीस की फोन."

पुढच्या रविवारी ती लोकलमध्ये चढली. मला हात करायचं विसरून जागा शोधत राहिली. गाडी गेल्यावर मी स्टेशनबाहेर एकटीने बसून मिसळ मागवली. ताट आलं तेव्हा फोन टेबलावर पालथा ठेवला. दोन घास खाल्ले, आणि पुन्हा उताणा केला.