वडगावच्या माडीवर सुका मासा

सांबऱ्याच्या विमानतळावर उतरले तेव्हा माझ्याजवळ दोन बॅगा होत्या आणि शाळेत शिकलेली मराठी होती. मॉरिशसला आम्ही घरात क्रिओल बोलतो आणि मराठी वहीत लिहितो. तरी आयुर्वेद शिकायला बेळगावला निघताना, भाषेची अडचण मला येणार नाही, असं मी सगळ्यांना ऐटीत सांगितलं होतं. रिक्षावाल्याला म्हटलं, "कृपया मला वडगाव येथे घेऊन चला."

तो मागे वळून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बसा की. सामान लई हाय न्हवं?"

'लई' म्हणजे पुष्कळ. हा शब्द पुढे मला रोज पन्नासदा भेटणार होता.

कॉलेजने एका विणकराच्या घराची माडी लावून दिली होती. खाली दोन यंत्रमाग, वर आमची खोली. माग सुरू झाले की टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरायचं. घरमालकीण आक्का (थोरल्या बहिणीला म्हणतात तसं) जिना चढता चढताच म्हणाल्या, "माडीवर मटण-मासं चालायचं न्हाय बघा. बाकी कायबी करा."

मी मान डोलावली. माझ्या बॅगेत आईने फडक्यात गुंडाळून दिलेला पोसों साले (खारवलेला सुका मासा) होता. शिजवायचा नाही, नुसता ठेवायचा, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि फळीवर पुस्तकांमागे सरकवून दिला.

खोलीत माझ्याबरोबर पद्मश्री होती, निपाणीजवळच्या शेतकरी जैन घरातली. सूर्य मावळायच्या आत जेवायची. इथल्या मुली 'मी जातो, मी खातो' म्हणतात, ते ऐकून मी पहिल्याच दिवशी तिची चूक सुधारायला गेले. ती शांतपणे म्हणाली, "मग आमची आई, आजी, मावशी, सगळ्यांचंच चुकतंय म्हणायचं."

ऊन होतं, पत्रा तापत होता. चौथ्या दिवशी कॉलेजातून आले तर घरात शांतता. दोन्ही माग बंद. आक्का आणि त्यांचे यजमान आप्पा सुताची पोती अंगणात ओढत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"उंदीर मेलाय कुठंतरी," आक्का म्हणाल्या. "सकाळपासनं हुडकायला लागलोय. वास जिन्यातनं येतोय."

मी जिन्यातच उभी राहिले. वर जाऊन गुपचूप पुडकं फेकून दिलं असतं तर उंदरावरच भागलं असतं. तेवढ्यात आप्पांनी तिसरं पोतं उचललं आणि कमरेला हात लावून मटकन खाली बसले.

"उंदीर नाही," मी म्हटलं. "मासा आहे. माझा आहे. मला क्षमा करावी."

मला वाटलं, आता बॅगा भराव्या लागणार. आप्पांनी घाम पुसला आणि विचारलं, "कुणी दिलता?"

"आईनं."

ते पोत्याला धरून हळूहळू उठले. "आईनं दिलेलं टाकायचं न्हाय," म्हणाले. "पर ह्या घरात ठिवायचंबी न्हाय. कोपऱ्यावरचा सुतार मेस्त्री कारवारचा हाय. त्येला दे जा."

मेस्त्रींनी पुडकं उघडून वास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. कधीतरी जेवायला ये, म्हणाले.

पद्मश्रीचं मात्र तसं नव्हतं. तिने जन्मात सुका मासा बघितला नव्हता. वास माझ्या कसल्यातरी औषधाचा असेल, असं समजून दोन दिवस बिचारी गप्प बसली होती. तिचे डबे त्याच फळीखाली होते. तिने सगळं पीठ बाहेर काढलं आणि दुपारभर एकेक भांडं गरम पाण्याने घासलं. मी मदतीला गेले तर म्हणाली, "नको." पुढचे तीन दिवस आमचं बोलणं दिवा लाव, दार ओढ, एवढंच.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "शनिवारी गावाला जातोय मी. येतीस काय?"

एसटीसारखीच लाल बस, पाट्या कन्नडमधल्या, गप्पा मराठीतल्या. संकेश्वर मागे पडलं आणि तवंदीचा घाट उतरताना खाली उसाचे हिरवे पट्टे दिसू लागले. पद्मश्री खिडकीकडे बघतच म्हणाली, "मला राग न्हवता आला. काय बोलावं कळंना. पर एक सांग. उंदरावर खपलं असतं की. का सांगितलंस?"

"आप्पांची कंबर धरली," मी म्हटलं.

ती इतकी हसली की पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली.

तिच्या घरी उजेड असतानाच पानं वाढली. गरम भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, वर घट्ट दही. तिची आई गड्याशी कन्नड बोलायची आणि त्याच दमात आमच्याशी मराठी. माशाची गोष्ट तिला ठाऊक आहे की नाही, या धास्तीने मी मान खाली घालून जेवत होते.

"तुझ्या आईला फोन लाव की," ती अचानक म्हणाली.

मॉरिशसला तेव्हा दुपारचे साडेचार. आई पडद्यावर आली आणि तिला येणारं एकच मराठी वाक्य तीनदा म्हणाली, "नमस्कार, तुम्ही कसे आहात?" माशाचं मी तिला आधीच कळवलं होतं, त्यामुळे मग क्रिओलमध्ये घाईघाईने बोलत सुटली. मी भाषांतर केलं, "आई म्हणते, माशाबद्दल माफ करा. तिला माहीत नव्हतं."

पद्मश्रीच्या आईने फोन माझ्या हातातून घेतला. "त्येनं काय हुतंय? तुम्ही आई हाईसा, भरून दिलासा. आम्हीबी पोरीला डबं भरतोय." आईला त्यातलं किती कळलं कोण जाणे. ती पदराने डोळे टिपत हसत होती.

रविवारी संध्याकाळी परतलो. आपण मराठी, तेही मराठी, म्हणजे सगळं आपोआप जुळेल, असं समजून मी आले होते. तसं काही झालं नाही. एकमेकींना विचारावं लागलं, सांगावं लागलं, थोडं लाजावंही लागलं.

सोमवारी कॉलेजात कळलं, परदेशी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहात जागा झाली आहे, नको असेल तर अर्जावर कारण लिहा. मी पेन काढलं. मग लिहिलं, "राहते तिथे बरं चाललं आहे." कारकुनाने वाचलं, शिक्का मारला आणि कागद फायलीत घातला.