लोखंडाची दोन पोती

कोपरखैरण्यातल्या एका क्लासमध्ये मी केमिस्ट्री शिकवायला लागलो, तेव्हा मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "सर, कन्सेप्टच्या भानगडीत पडू नका. ट्रिक द्या." मी दिल्या. क्वांटम नंबर म्हणजे इलेक्ट्रॉनचा पत्ता: सोसायटी, विंग, फ्लॅट आणि तोंड कुठल्या बाजूला. पोरं खूश, पालक खूश, आणि मी तर काय, हवेतच!

माझी लाडकी ट्रिक ट्रकची. वर्गातल्या निम्म्या पोरांचे वडील एपीएमसी मार्केटात माथाडी, म्हणून मुद्दाम त्यांच्या घरातलं उदाहरण काढलं होतं. अणूत इलेक्ट्रॉन भरतात ते ट्रकमध्ये पोती भरावीत तसे. जे शेवटी चढलं, ते आधी उतरतं. लोखंडात आधी फोर-एस नावाचा कप्पा भरतो, मग थ्री-डी. तेव्हा लोखंडाचे दोन इलेक्ट्रॉन गेलेच, तर ते थ्री-डीमधून. टाळ्या पडल्या हो! मालकांनी व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला.

उदाहरण झकास होतं. फक्त चुकीचं होतं.

पण हे मला टेस्टनंतर कळलं. आमच्याकडे टेस्टवर बॅच ठरते. पहिल्या बॅचला एसी आणि मी, दुसऱ्या बॅचला पंखा आणि नोट्सची झेरॉक्स. एका मुलीनं लिहिलं होतं, दोन्ही इलेक्ट्रॉन फोर-एसमधून जातात. मी लाल पेनानं फुली मारली. त्या एका मार्कानं ती खाली, दुसऱ्या बॅचला गेली.

दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन ती माझ्यापुढे उभी. "सर, फोर-एसचा मुख्य क्वांटम नंबर चार. म्हणजे तो बाहेर आहे ना? मग आधी तोच जाणार."

"अगं बाई, ट्रक विसरलीस?"

"पप्पांना विचारलं, सर. ते म्हणाले, बाजूचा फाळका उघडला की कडेचं पोतं पहिलं निघतं. ते आधी चढवलं का मागून, कोण बघतंय?"

घरी जाऊन कॉलेजचं जुनं पुस्तक काढलं. पोरगी बरोबर होती, तिचा बापही बरोबर होता. गाढव होतो तो मी. फार लाज वाटली. एवढ्या हुशार पोरीला मी माझ्या हातानं खाली ढकललं होतं.

मालकांना सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "चूक कबूल करायची नसते सर, अपडेट करायची असते. रिचेकिंगमध्ये मार्क वाढला म्हणा, तिला वर घ्या. विषय संपला. नोट्स छापून झाल्यात, ट्रकसकट."

ती पहिल्या बॅचला आली, मागच्या बाकावर बसली. मी गप्प बसायचं ठरलं होतं. माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. ट्रक खोडून टाका. आधी फोर-एसमधले दोन जातात. हे मला हिनं दाखवलं."

कुणीच काही खोडलं नाही. खरं सांगतो, मी शाबासकीची वाट बघत होतो. कुणीतरी म्हणेल, सर, तुम्ही ग्रेट!

तिनं हात वर केला. चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, नुसती काळजी होती.

"सर, मग पुढच्या टेस्टला काय लिहायचं? बरोबर, का तुमचं?"