खिजगणतीत

आमच्या जनगणना कार्यालयात त्यांना सगळे रेघकाका म्हणत. महानगर कुठं संपतं ती रेघ नकाशावर तेच मारायचे, लाल पेन्सिलीनं. नव्या माणसाला वाटायचं, घरं संपली की शहर संपलं. काका हसायचे. "घरांचं काय घेऊन बसलास? माणूस झोपतो कुठं आणि राबतो कुठं, ते बघ." नियम सरळ होता. शेजारच्या गावातल्या शंभर कमावत्या माणसांपैकी पंचवीस रोज कामाला आमच्या शहरात येत असतील, तर ते गाव महानगरात. चोवीस येत असतील, तर बाहेर. मग तिथल्या सरपंचानं कितीही आदळआपट करो.

शिवाय वर्षातून एक आठवडा सकाळी काका तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसायचे. खाली बाहेरगावच्या बसचा थांबा. हातात बोटानं दाबायचं छोटं मोजणीयंत्र. माणूस उतरला की दाबलं बटण. लांबचं त्यांना धड दिसत नसे. चष्मा बदला म्हणून मी वर्षानुवर्षं डोकेफोड केली. "डोकी मोजायचीत गं, तोंडं कशाला दिसायला हवीत?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. हट्टी म्हातारा!

मी शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं होते. त्यांच्या हाताखालीच शिकले. काकांची बायको लवकर गेली होती, घरात एकुलती एक मुलगी. ती बाविसाव्या वर्षी काकांना अजिबात न आवडणाऱ्या एका माणसाबरोबर संसार थाटायला निघाली. दारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या पोरीला काका म्हणाले, "जा. तू माझ्या खिजगणतीतही नाहीस." हे त्यांनीच मला एकदा डबा खाताना सांगितलं आणि डबा तसाच बंद केला. जन्मभर माणसं मोजणाऱ्यानं असं बोलावं! आठ दिवसांत राग उतरला, पण तोवर पोरगी कुठल्या कुठं गेली होती. मैत्रिणी झाल्या, जुनं कॉलेज झालं, कुठंच पत्ता लागला नाही. जिवंत आहे की नाही हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं.

गेल्या जनगणनेत संगणकानं पहिल्यांदाच दोनदा मोजलेली माणसं शोधून काढली. एकच नाव, एकच जन्मतारीख, दोन घरं. अशा अर्जांच्या जोड्या माझ्याकडे यायच्या. एका जोडीतला वरचा अर्ज रेघकाकांच्या घरचा निघाला. त्यात माणसं दोन. एक ते स्वतः. दुसरी मुलगी, 'कामानिमित्त तात्पुरती बाहेर'. तात्पुरती म्हणजे सहा महिन्यांच्या आत, ही व्याख्या त्यांनीच मला पाठ करायला लावली होती. आणि पोरीला जाऊन बारा वर्षं झाली होती.

खालचा अर्ज तिचा होता. बसनं पन्नास मिनिटांवरचं गाव. कुटुंबप्रमुख ती, सोबत नऊ वर्षांची मुलगी. नवऱ्याचा रकाना रिकामा. कामाचं ठिकाण मी बोट ठेवून पुन्हा वाचलं. आमच्या कार्यालयाच्या बाजूच्या गल्लीतलं शिवणकामाचं दुकान. चार वर्षांपासून.

नियमानं पहिल्या घरी विचारणा करायची आणि दुसरा अर्ज कुठला, ते सांगायचं नाही. तशी आम्ही शपथ घेतलेली असते. मी खुर्ची त्यांच्या टेबलाकडे वळवली.

"काका, कामाचं विचारतेय. तुमच्या घरी माणसं किती?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. हा प्रश्न कधी विचारतात हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

"म्हणजे ती कुठंतरी मोजली गेलीय," ते हळूच म्हणाले. "आहे ती."

मी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले, तसेच ते हसलेही.

"काका, मी सांगते ना कुठं..."

"नको. तू सांगितलंस तर मी उठून जाईन. लोक आपल्याला खरं का सांगतात? ते इथून बाहेर जात नाही म्हणून. तिनंही त्याच भरवशावर लिहिलं असेल." मग त्यांनी अर्ज ओढून घेतला, मुलीच्या नावावर काट मारली, खाली सही केली. "एक माणूस. लिही."

मी लिहिलं. शपथ मोडली असती तर फार तर नोकरी गेली असती.

दोन महिन्यांनी गावांचे आकडे आले. तिच्या गावाचा आकडा सव्वीस. काकांनी लाल रेघ त्या गावाच्या पलीकडून नेली आणि मला म्हणाले, "हे गाव आलं बरं का आपल्यात." मी पाणी प्यायला म्हणून उठले आणि नळ सोडून तिथंच रडले.

निवृत्त झाल्यावर चौथ्या महिन्यात काका गेले. झोपेतच हृदय थांबलं. स्मशानात आम्ही कार्यालयातलेच नऊजण होतो.

त्या वर्षी खिडकीतली मोजणी माझ्याकडे आली. माझी नजर चांगली आहे. पहिल्याच दिवशी सव्वानऊच्या बसमधून एक बाई उतरली, गर्दीतून बाजूला झाली आणि मान वर करून थेट खिडकीकडे बघत उभी राहिली. जिवणी हुबेहूब काकांची. मी यंत्र तिथंच टाकलं आणि धावत खाली गेले.

"तिथं बसायचे ते आज नाहीत?" तिनं विचारलं.

"गेले ते. दोन महिने झाले."

तिनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "त्यांच्यासाठीच तर ही नोकरी धरली. चार वर्षं, मोजणीच्या आठवड्यात मी रोज इथं थांबायचे. ते माझ्याकडे बघायचे आणि बटण दाबायचे. मला वाटायचं, ओळखलंय, पण अजून राग गेला नाही. एक दिवस खाली येतील."

"अगं, त्यांना दिसायचंच नाही इतक्या लांबचं! तू जिवंत आहेस हेही त्यांना गेल्या वर्षी कळलं. अर्जात मात्र बारा वर्षांनंतरही तुला धरून दोन माणसं लिहिली होती."

तिनं माझा हात घट्ट धरला. पुन्हा वर, रिकाम्या खिडकीकडे पाहिलं.

"वर जायला पायऱ्या किती आहेत?"

आम्हाला मोजायची सवयच असते. मी सांगितलं, "अठ्ठेचाळीस."

ती जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसली. मी तिच्याशेजारी बसले. पुढच्या दोन बस आल्या आणि रिकाम्या होऊन गेल्या, त्यातली माणसं मोजायची राहून गेली.