विमान पडलं त्या दिवशीची हळद

व्हिडिओचा कॅमेरा समोर आला की माणसं जागच्या जागी उभी राहत. तोवर त्यांनी आयुष्यभर फोटोच काढून घेतले होते, आणि फोटोत हललं की चेहरा बिघडतो हे अंगात मुरलेलं होतं. पंगतीतला घास तोंडाशी थांबे. आहेर देणारा माणूस पाकीट पुढे धरून माझ्याकडे बघत राही, आणि नवरदेव ते घ्यायचं सोडून माझ्याकडेच बघे. त्यामुळे माझं निम्मं काम शूटिंगचं आणि निम्मं ओरडण्याचं. ‘चालत राहा, हलत राहा, इकडे बघू नका.’ हे काम मला चांगलं जमायचं. माझ्या कॅसेटीत माणसं जिवंत दिसतात, असं अंधेरीत बोललं जायचं, आणि ते खरं होतं.

मी परभणीकडचा. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. गावाकडच्या एकाने अंधेरीला आणून एका फोटो स्टुडिओत सोडलं. तिथल्या शेठने आधी हातात झाडू दिला, मग डार्करूममध्ये घेतलं आणि ऐंशीनंतर व्हिडिओचा धंदा आला तेव्हा नवाकोरा कॅमेरा माझ्या खांद्यावर ठेवला. झोपायला दुकानाचा माळा दिला. एवढं माझ्यासाठी माझ्या चुलत्यांनीही केलं नव्हतं. हा माणूस एक दिवस ‘जा आता गावाला’ म्हणाला तर काय, ही धास्ती मात्र पोटात कायम असे. म्हणून निघताना मी बॅटरी तपासायचो, जिन्यात परत तपासायचो, रिक्षात बसल्यावर पुन्हा पिशवीत हात घालायचो.

तेव्हा कॅमेरा वेगळा आणि रेकॉर्डर वेगळा असे. मधे जाड वायर. कॅमेरा माझ्याकडे आणि रेकॉर्डर आमच्या लाइटवाल्याच्या खांद्याला. तो मालवणी, माझ्याहून वयाने मोठा आणि जिभेने फार मोठा. लग्नात आम्ही दोघे एका दाव्याला बांधलेल्या बैलांसारखे फिरायचो. मी डावीकडे वळलो की तो म्हणायचा, “सांगून वळ रे मेल्या, माझो खांदो काय तुझ्या बापाशीचो?”

त्या दिवशी आम्ही वर्सोव्याला कोळीवाड्यात होतो. हळद होती. सकाळची वेळ, मांडवात बेंजो वाजत होता, नवरीच्या गालांना, हातांना हळद लागत होती आणि बायका नेहमीप्रमाणे हळदीचे हात हवेत धरून माझ्याकडे बघत थांबल्या होत्या. जुहूच्या धावपट्टीवरून उडणारी छोटी शिकाऊ विमानं त्या गावावरून रोज जायची. कोणी मान वर करायचं नाही. त्या दिवशी सगळ्यांनी केली, कारण आवाज अर्ध्यात तुटला. मग खाडीच्या बाजूने एक धप्प असा आवाज आला. मोठा नव्हता. बेंजोवाल्याने बोटं उचलली तेवढं मला आठवतं.

सगळा मांडव धावला. आम्हीही धावलो, वायरने जोडलेले.

“हळू धाव रे. ह्यो रेकॉर्डर पडलो तर शेठ माका विकून खायत,” लाइटवाला मागून धापा टाकत म्हणाला.

ओहोटी होती. खाडीच्या चिखलात, तिवरांच्या अलीकडे, विमान नाक खुपसून पडलेलं. आग नव्हती. एक पंख वर आलेला, बाकी सगळं चुरगळलेलं. काठावर बघता बघता शेकडो माणसं जमली. गच्च्यांवर माणसं, सुकत घातलेल्या मासळीच्या बांबूच्या वलांड्यांवर चढलेली पोरं, एकाकडे दुर्बीण, दोघांकडे फोटोचे कॅमेरे. आणि आम्हाला बघितल्याबरोबर कोणीतरी ओरडलं, “व्हिडिओवाला आला, व्हिडिओवाल्याला जागा द्या.” गर्दी फाटली. लग्नात देतात तशीच जागा दिली, मागच्यांनी पुढच्यांना खाली बसवलं. चौकीवरून धावत आलेल्या हवालदाराने माझ्याकडे बघून टोपी सारखी केली.

मी बटण दाबलं. का दाबलंस, असं नंतर मला बऱ्याच जणांनी विचारलं. माझ्या खांद्यावर कॅमेरा होता आणि समोर घडत होतं. आजही असं झालं तर मी दाबीन.

चिखलात कोळ्यांनी होड्यांतल्या फळ्या टाकल्या होत्या, पाय रुतू नयेत म्हणून. पुढे नवरीचा बाप होता. लेकीला लावलेली हळद त्याच्या हातांवर तशीच होती. विमानात दोघे होते, शिकवणारा आणि शिकणारा. दोघेही गेलेले. शिकवणाऱ्याला आधी आणलं. मग दुसऱ्याला, तो पोरगाच होता, विशीतला. चौघांनी त्याला फळीवर घेतलं, काठाला आले, आणि कॅमेरा दिसताच चौघेही थांबले. ताठ. माझ्याकडे बघत.

मी डोळा लावून होतो, आणि सवयीने तोंडातून तेच निघालं, “चालत राहा. थांबू नका.”

ते हलले नाहीत. नवरीची आई घरातून नवी चादर घेऊन आली, रुखवतात मांडायला घेतलेली. तिने पदराने पोराच्या तोंडावरचा चिखल पुसला, केसांतलाही काढला, मग चादर घातली. तेव्हा कुठे ते चौघे पुढे चालू लागले.

हळद तिथेच थांबली. गावाने लग्न दोन दिवस पुढे ढकललं.

शेठला मी कॅसेट दाखवली. त्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली आणि मग स्वतःकडे ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आलो तर ती कॅसेट काचेतल्या टीव्हीवर चालू. आमच्या दुकानाच्या दर्शनी काचेत रस्त्याकडे तोंड करून रंगीत टीव्ही ठेवलेला असे, त्यावर दिवसभर आमची चांगली लग्नं लागायची. ती आमची जाहिरात. आता त्यावर विमान होतं. फुटपाथ भरला. बसगाड्या हळू व्हायला लागल्या.

वर्सोव्याहूनही माणसं आली. आणि एक गोष्ट मी काउंटरमागून बघितली. विमान कोणी बघत नव्हतं.

“तो बघ मी. पंपाच्या बाजूला. निळा शर्ट.”

“कुठे रे? तुझं डोकं कुठे दिसतंय?”

“अरे आता येईल ना. थांब. हा. गेला.”

“झकास. ढुंगण आलं तुझं फक्त.”

ते स्वतःला शोधत होते. जन्मात पहिल्यांदा टीव्हीवर आले होते. मला त्यांचा राग आला नाही. गावाकडे माझ्या आईनेही हेच केलं असतं.

त्या गर्दीत एकच माणूस वेगळा होता. साठीच्या आसपासचा, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. तो कुठेच बोट दाखवत नव्हता. चौघे फळी घेऊन आले, थांबले, तसा तो काचेच्या अगदी जवळ गेला. मग आत आला आणि मला विचारलं, “हे तुम्ही घेतलंत?”

“हो.”

“तो माझा मुलगा आहे.”

मी टीव्ही बंद केला. शेठ जेवायला घरी गेले होते. त्यांच्या दुकानातली वस्तू त्यांना न विचारता मी त्याआधी कधी बंद केली नव्हती. बाहेरून काचेवर थापा पडल्या, “ओ, लावा ना, आम्ही दिसायचे आहोत अजून.”

तो साताऱ्याहून आला होता. आदल्या रात्री इस्पितळात देह ओळखला होता, सकाळी काठावर कोणीतरी सांगितलं की अंधेरीच्या दुकानात व्हिडिओ आहे. स्टुलावर बसून त्याने पाणी घेतलं. आवाज सारखा ठेवून बोलत होता. “त्याची आई आज संध्याकाळपर्यंत पोचतेय. ती ह्याच रस्त्याने येणार, माझ्या मेहुण्याचं घर पुढच्या गल्लीत आहे. तिला हे असं रस्त्यावर दिसायला नको. एवढंच मागतो. ही कॅसेट मला द्या.”

शेठ आले. सगळं ऐकलं, कपाळ चोळलं. “काका, टीव्ही बंद राहील. माझी चूक झाली समजा. पण कॅसेट गिऱ्हाइकाची आहे. तिच्यात त्यांच्या मुलीची हळद आहे. मी कशी देऊ?”

ते बरोबरच बोलत होते. आमच्याकडे नियमच होता, लग्नाची मूळ कॅसेट घरच्यांची. तरी मी म्हणालो, “शेठ, मी त्यांना जाऊन विचारतो. ते नाही म्हणाले तर परत आणून ठेवतो.” शेठने माझ्याकडे बघितलं. मी शेठला पुढचं काम सुचवतोय, असं त्याआधी झालं नव्हतं. “जा,” ते म्हणाले. “रिक्षा कर. काकांना चालवत नेऊ नकोस.”

कोळीवाड्यात मांडव तसाच उभा होता. नवरीचा बाप दाराशी जाळं विणत बसला होता. मी ओळख करून दिली. तो उठला, स्वतःची खुर्ची पुसून साताऱ्याच्या माणसाला दिली आणि आपण जमिनीवर बसला. मग साताऱ्याच्या माणसाने विचारलं, “तुम्ही चौघे मधेच थांबलात. ते का?”

मला वाटलं, आता मी सांगावं. कॅमेरा दिसला की लोक थांबतात, सवय असते, एवढंच. पण कोळ्याने मान खाली घातली आणि स्वतःच सांगितलं.

“व्हिडिओ चालू होता ना. आमी चालत राहिलो असतो तर पोरगा हलला असता. पोराच्या घरचं कुनीतरी बघेल, त्येला नीट दिसाय पायजे. म्हून थांबलो. ह्यो ओरडत व्हता चला चला. ह्येला काय कलतंय?”

मला खरंच कळलं नव्हतं. मला वाटायचं, थांबणारा माणूस स्वतःच्याच दिसण्याचा विचार करतो.

कॅसेटचं मी सांगितलं. पोराचा भाग त्याच कॅसेटवर, हळदीच्या पाठोपाठ आहे. हळद दुसऱ्या कॅसेटवर उतरवून देता येईल, पण कॉपी मूळ कॅसेटसारखी येणार नाही, रंग थोडे उडतील. बापाने आत हाक मारली. नवरी बाहेर आली, हळद अजून कानामागे होती.

“पुसट म्हंजे किती पुसट?” तिने मला विचारलं.

“चेहरा ओळखू येईल. हळद थोडी फिकी दिसेल.”

“द्या त्यांना,” ती म्हणाली. “मी व्हती ना तिथं. मना ठाव हाय हलद कशी व्हती ती.” आणि आत गेली.

दुकानात परतल्यावर मी दोन व्हीसीआर जोडले आणि हळद उतरवून घ्यायला बसलो. ती जेवढ्या वेळाची होती तेवढा वेळ लागणारच होता. शेठ शेजारी बसून राहिले, एकदाही घड्याळ बघितलं नाही. साताऱ्याचे गृहस्थ बाकावर होते. संध्याकाळ व्हायच्या आधी ती आली. त्या पोराची आई. भावाने तिला आणलं होतं. तिला घरी थांबायचं नव्हतं, नवरा कुठे आहे विचारत ती थेट दुकानात आली होती.

तेव्हा पडद्यावर बायका नवरीला हळद लावत होत्या. पुढे काय येणार ते मला माहीत होतं. मी कॅसेट थांबवली. साताऱ्याचे गृहस्थ उठून तिला म्हणाले, “तू बघू नकोस.”

“मी बघेन की नाही ते मी ठरवेन,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “तू होतास तिथे?”

“होतो.”

“मग आधी तू सांग.”

मी सांगितलं. माणसांसमोर सलग एवढं मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. फळ्या कशा टाकल्या ते सांगितलं. चौघांपैकी पुढचा कोण, त्याच्या हातांना हळद का होती, मागचा म्हातारा नवरीचा मामा, त्याचा पाय रुतला पण त्याने हात सोडला नाही. काठाला येऊन ते का थांबले ते कोळ्याच्या शब्दांत सांगितलं. विमानाबद्दल तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

“चेहऱ्यावर चिखल होता?” तिने विचारलं.

“होता. नवरीच्या आईने पुसला. पदराने. केसांतलाही काढला.”

“केसांतलाही?”

“हो.”

ती बाकावर बसली आणि रडली, मोठ्याने. दारातून कोणी डोकावलं तसं शेठने उठून अर्धं शटर ओढलं. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, “मला नाही बघायचं. तुम्ही ठेवा जपून. ह्याने सांगितलं ते मला पुरे.”

कॉपी पूर्ण झाल्यावर मी मूळ कॅसेट कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गाव कोणतं ते विचारलं. परभणी म्हटल्यावर म्हणाली, “लांब आलास रे.” मग ते गेले.

शेठने शटर वर केलं. मी वाट बघत होतो, न विचारता टीव्ही बंद केल्याबद्दल ते काहीतरी बोलतील. त्यांनी काचेतल्या टीव्हीवर एक जुनं लग्न लावलं, मागे सरून बघितलं आणि म्हणाले, “परवा वर्सोव्याचं लग्न आहे ना? बॅटऱ्या चार्जिंगला लाव. आणि तिथे कोणी थांबलं तर ओरडू नकोस.”