पाहुण्यांसाठी नाच

मी नाचलो. हे आधीच सांगतो. लपवून काय होणार?

मद्रासला गिंडीजवळ एका निवृत्त साहेबाच्या बंगल्यात आम्ही बोअर मारत होतो. मी गडचिरोलीकडचा माडिया, बोअरच्या गाडीवरचा मजूर. साहेब तंजावरी मराठी. दुपारी त्याच्याकडे पाहुणे आले. त्याने मला अंगावरच्या चिखलासकट व्हरांड्यापुढे बोलावलं.

"तू तिकडचा की रे? तुज मराठी येतं, बरं झालं." मग पाहुण्यांकडे वळून, "ह्याचेच लोक ह्या खांबाभोवती नाचतात. नाच पाहू, डा."

अंगणात कोरीव सागवानी खांब रोवला होता. त्याला कुत्रं बांधलेलं. आमच्या गाडीच्या मेस्त्रीने माझ्यावर डोळे वटारले. पोटाचा प्रश्न. नाचलो.

दुसऱ्या फेरीला खांबावरचा मोर दिसला. एक पाय उचललेला. असा मोर फक्त माझा बाप कोरायचा. मोराखाली तेंदूपानांचा पुडा. आमच्यात माणूस मेला की त्याच्या नावाने खांब रोवतात. हा माझ्या चुलत्याचा खांब होता.

ओळखूनही मी फेरी पुरी केली. पाहुण्यांतल्या बाया हसल्या. एकीने केळं दिलं, तेही खाल्लं. त्याची लाज अजून जात नाही.

आमच्या गावाला लागून जवानांची छावणी होती. चकमकी थांबल्या तरी ती हलली नाही. आमच्याच जंगलात जायला त्यांची चिठ्ठी लागायची. चुलता चिठ्ठीशिवाय पानं तोडायला गेला. पाठीत गोळी घातली. बापाने खांब कोरला. वर्षभरात खांब नाहीसा झाला. छावणीवाले म्हणाले, वाळवीने खाल्ला असेल.

"मी त्या छावणीचा मुख्य होतो," साहेब पाहुण्यांना सांगत होता. "निघताना लोकांनी प्रेमाने भेट दिला. खाली पुस्तक कोरलंय बघा. शिकायची हौस त्यांना."

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस.

एका पाहुण्याने कॅमेरा काढला. साहेब म्हणाला, "आणखी एकदा नाच."

मी गेलो आणि कुत्रं सोडलं.

"ते पुस्तक नाही. पानांचा पुडा आहे. तो बांधताना तुमच्या हुकमाने माझ्या चुलत्याला मारलं."

साहेबाने माझ्याकडे पाहिलंच नाही. मेस्त्रीला म्हणाला, "ह्याला बाहेर काढ." मेस्त्रीने कानाखाली वाजवली. काम गेलं.

आता गावी आहे. बाप गेला. त्याच्या पटाशा माझ्याकडे आहेत. हात बसतोय हळूहळू.

आमच्यात खांब मेलेल्याचाच रोवतात. ती रीत मी मोडणार. साहेब जिवंत आहे तोवर त्याचा खांब कोरणार. पाठमोरा माणूस, त्याच्यावर रोखलेली बंदूक, आणि बोट दाखवून हुकूम देणारा तो. तोंड हुबेहूब त्याचं. छावणीच्या फाटकासमोर रोवीन. त्यांनी उपटला तर दुसरा कोरीन. जंगलात साग पुष्कळ आहे.