चाकणच्या चढावरचा हँडब्रेक

पिंपरीला कारखाना उभा राहून एखाद-दोन वर्षं झाली असतील. कारखान्याच्या वसाहतीत आम्हाला दोन खोल्यांचं घर मिळालं होतं आणि यजमानांनी पुण्याच्या एका वकिलांकडून जुनी विलायती मोटार घेतली होती. ते स्वतः सायकलवरून कामावर जात, कारण कारखाना घरापासून हाकेच्या अंतरावर होता. मोटार दारात उभी असे. ती शिकायची मला हुक्की आली, त्यांनीही उत्साहाने शिकवली आणि मला रीतसर परवाना मिळाला. वसाहतीत मोटार चालवणारी बाई मी एकटीच. ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे.

मोटारीबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं होतं. दुपारी जेवणं आटोपली की मी ते वाचत बसे. त्यातलं निम्मं मला कळत नव्हतं, पण शब्द पाठ झाले होते. ‘कार्बुरेटर’ हा शब्द मला विशेष आवडे. शेजारणींशी बोलताना मी तो अधूनमधून वापरत असे, आणि त्यांना तो काय प्रकार आहे हे विचारायची भीती वाटे, म्हणून माझं निभावून जाई.

यजमानांची एक सवय मला पटत नव्हती. गाडी उभी केली की ते ती गिअरमध्ये ठेवत आणि मागच्या चाकाखाली वीट सरकवत. गोणपाटात गुंडाळलेली ती वीट डिकीत कायम असे. मलाही तेच करायला सांगत. मी एकदा म्हटलं, “अहो, हँडब्रेक कशाला दिलाय मग?” तर म्हणाले, “विटेचं काम विटेनं केलेलं बरं.” बैलगाडीला घालावा तसा दगड आपण मोटारीला घालायचा, हे मला कमीपणाचं वाटे. पुस्तकात विटेचा उल्लेख कुठेही नव्हता.

त्या दिवशी चाकणचा आठवड्याचा बाजार होता. शेजारच्या दोघींना वर्षाचे कांदे भरायचे होते. एक रत्नागिरीकडच्या काकू, वयाने माझ्या आईएवढ्या. दुसरी बीडकडची, नुकतीच लग्न होऊन आलेली. मी म्हटलं, एस.टी.त गोण्या घेऊन कुठे चढता, मी नेते. यजमानांना सांगितलं नाही. साडेचारचा भोंगा व्हायच्या आत परत यायचं आणि गाडी होती तशी उभी करायची, असा बेत होता. गोण्यांना जागा हवी म्हणून डिकीतली वीट काढून मी अंगणात ठेवली.

भोसरी, मोशी करत आम्ही झकास गेलो. बाजाराच्या अलीकडे थोडा चढ आहे. तिथे चांगली पाचपन्नास माणसं बघत असताना मी गाडी थांबवली आणि दोन्ही हातांनी, सगळं बळ लावून हँडब्रेक ओढला. खटखटखट असा झकास आवाज आला. काकू म्हणाल्या, “बाय माझी, पुरुषासारखी हाकतेस गो.” मी ते अगदी सहज ऐकल्यासारखं केलं.

कांदे घेतले, गोण्या चढवल्या, तीन वाजायला आले. आम्ही बसलो. मी गाडी चालू केली आणि हँडब्रेक सोडायला हात घातला. दांड्याच्या टोकाला एक बटण होतं. ते दाबून दांडा खाली करायचा असतो. बटण दाबेना. अंगठा लाल झाला, मग दोन्ही अंगठे लावले. बटण जागचं हललं नाही.

इथे मी थांबून कुणाची तरी मदत मागायला हवी होती. त्याऐवजी मला वाटलं की जोर लावला तर गाडी ब्रेकसकट निघेल. मी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं, गाडी पुढच्या बाजूने उचलल्यासारखी झाली आणि बंद पडली. पुन्हा तेच केलं. तिसऱ्या वेळी जळका वास आला तेव्हा बीडकडची म्हणाली, “वहिनी, मला तर लई भ्या वाटायलंय. उतरू का?”

तोवर भोवती गर्दी जमली होती. काय झालं म्हणून एकाने विचारलं. मी खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि म्हणाले, “कार्बुरेटरमध्ये बिघाड दिसतो.” मग त्या यंत्रांकडे बराच वेळ गंभीरपणे पाहत उभी राहिले. एका नळीला हातही लावला, तो भाजला. अडकलेला हँडब्रेक गाडीच्या आत होता आणि मी बाहेर बॉनेटमध्ये तोंड घालून उभी होते. पण इतक्या लोकांसमोर बॉनेट उघडल्यावर लगेच बंद तरी कसं करायचं?

“ह्या यंत्रात काय बघतेस गो इतका वेळ?” काकूंनी विचारलं.

“तपासतेय,” मी म्हटलं.

एका शेतकऱ्याचा माल विकून झाला होता. तो म्हणाला, “ताई, बैलं लावू का? माजी बैलं दमाची हायेत.” मला नको म्हणवेना. त्याने कासऱ्याने बैल पुढच्या बंपरला जुंपले. बैल खरंच दमाचे होते. गाडी हातभर पुढे सरकली. पण मागची चाकं फिरली नाहीत. ती नुसती घासत गेली आणि मातीत दोन लांब रेघा उमटल्या. शेतकऱ्याने त्या रेघा वाकून पाहिल्या आणि म्हणाला, “ताई, इंजनात न्हाई काय. चाकं धरून ठिवलीत कुनीतरी.” हे त्याला दोन मिनिटांत कळलं. मी म्हटलं, “व्हय.” आयुष्यात पहिल्यांदाच मी ‘व्हय’ म्हणाले असेन.

बाजाराच्या कडेला एक म्हातारे चाचा कुलपं आणि स्टोव्ह दुरुस्त करत बसत. गर्दी कसली म्हणून ते बघायला आले. मी हँडब्रेकचं खरं काय ते त्यांना हळू आवाजात सांगितलं. ते म्हणाले, “बाई, मोटारीचं मला काही कळत नाही. पण बघतो.” त्यांनी आत वाकून दांडा पाहिला, खाली दातऱ्या असलेली पट्टी पाहिली, बोट फिरवलं.

“हे कुलूपच आहे,” ते म्हणाले. “तुमी लई जोरात ओढलाय. आतली जीभ दातात रुतून बसली. आता दाबून ती कशी निघंल? तिच्यावरचा भार आधी काढायला पायजे.”

“म्हणजे काय करू?”

“आणखी ओढा.”

मला वाटलं चाचांना समजलं नाही. सोडायचं असताना ओढायचा कसा? मी त्यांना पुस्तकातलं काहीतरी सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आता ओढा.”

मी पायाने ब्रेक दाबून धरला, चाचांनी आणि मी मिळून दांडा आणखी एक दात वर ओढला, आणि त्या क्षणी माझ्या अंगठ्याखालचं बटण अलगद आत गेलं. दांडा खाली आला. बीडकडची टाळ्या वाजवू लागली आणि मग लाजून थांबली.

तरी गाडी हलेना. एक चाक मोकळं झालं होतं, डावं अजून धरलेलं होतं. चाचांनी आपली छोटी हातोडी आणली, चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेकच्या डब्यावर चहूबाजूंनी हलक्या हाताने ठोकलं. शेतकऱ्याने आणि चारपाच जणांनी गाडी पुढेमागे डोलवली. आत काहीतरी टक्कन सुटल्याचा आवाज आला आणि चाक फिरलं.

मला निघायची घाई होती. पण चाचांना ते कुलूप आवडलं होतं. “जरा बसू का?” म्हणत, मी गिअरमध्ये टाकून ठेवलेल्या गाडीत ते माझ्या जागेवर बसले आणि दांडा ओढून, सोडून पाहू लागले. पुन्हा ओढला, पुन्हा सोडला. असं पाचसहा वेळा. दर वेळी माझा जीव वरखाली होत होता, पण ज्या माणसाने सोडवलं त्याला नको कसं म्हणायचं? शेवटी ते उतरले आणि म्हणाले, “चांगलं बनवलंय. तेल नाही घातलं कुणी.”

भोंगा आम्ही मोशीच्या पुलावर असतानाच झाला असणार. वसाहतीत शिरलो तेव्हा यजमान अंगणात, त्या विटेशेजारी उभे होते. मी काय सांगायचं ते वाटेत ठरवलं होतं. पेट्रोल पंप, पंक्चर, असं काहीतरी. पण काकू माझ्या आधी उतरल्या आणि त्यांनी पदर सावरत सगळं सांगितलं. बैल, रेघा, चाचा, काही सोडलं नाही. कार्बुरेटरसुद्धा.

यजमान डिकीकडे गेले. गोण्या उतरवायला मदत केली. घरात आल्यावर मी चहा टाकला आणि बोलणी खायची तयारी करून बसले. त्यांनी कप हातात घेतला.

“तो हँडब्रेक अडकतो,” ते म्हणाले. “गाडी घेतली त्याच आठवड्यात अडकला होता. वकिलांच्या दारात दोन तास बसलो होतो.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुझ्या वडिलांना मीच सांगितलं होतं ना, गाडीत एकही दोष नाही म्हणून. तू त्यांना पत्रात लिहिलं असतंस.”

ते खरं होतं. मी नक्की लिहिलं असतं. यजमानांना फसवून गाडी नेल्याची लाज मला दुपारभर वाटत होती. ती आता अर्ध्यावर आली, पण भांडायलाही तोंड उरलं नव्हतं. आम्ही दोघांनी चहा घेतला. मग त्यांनी विचारलं की चाचांनी नेमकं कुठे ठोकलं, आणि मी पाटावर पालथी वाटी ठेवून चमच्याने दाखवलं.